तुझ्या नावापुढची चौकट

क्रॉसबेक, सोमवार

प्रिय लॉर्ना,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलेलं नव्हे, छापलेलं. चकचकीत कागदावरचं, 'प्रिय रहिवासी' असं सुरू होणारं. दाराच्या फटीतून ते पायपुसण्यावर पडलं तेव्हा मी टोस्टला लोणी लावत होतो. बापाचा रहिवासी झालो, ही बढती म्हणायची की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खाली तुझी सही आहे, निळ्या शाईत, हाताने केल्यासारखी. क्षणभर वाटलं खरीच असेल, म्हणून बोट ओलं करून तिच्यावर फिरवून पाहिलं. शाई पसरली नाही. समोरच्या घरातल्या हिल्डाकडेही तेच पत्र, तीच सही. ती म्हणाली, "अरे नॉरिस, मला तर वाटलं होतं पोरीने निदान तुझ्यासाठी तरी वेगळं काढलं असेल."

त्या कागदात कोणाला किती मतं पडली ते दाखवणाऱ्या खांबांचं चित्र आहे. आपल्या पक्षाचा खांब गिरणीच्या धुराड्याएवढा आणि समोरच्यांचा खांब त्याच्या पायाशी उगवलेल्या अळंबीसारखा. गेल्या खेपेला दोघांत किती थोडा फरक होता हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाली मोठ्या अक्षरांत, 'इथे त्यांना फक्त आम्हीच हरवू शकतो.' त्याच दिवशी समोरच्यांचा कागद आला, त्यात धुराडं त्यांचं. दुपारी तिसऱ्यांचा आला, त्यांचंही धुराडं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले तर क्रॉसबेकमध्ये तिघेही पहिले आहेत आणि तिघेही तिसरे आहेत. आम्ही बरे आहोत, आम्ही अमुक करू, असं एकाही कागदात लिहिलेलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हाला मत द्या नाहीतर तो येईल. लहान मुलांना बागुलबुवा दाखवून झोपवतात, तशी तुम्ही लोकं आम्हाला मतदानाला उठवता.

आणि आम्ही उठतो, हे त्याहून वाईट. हिल्डाचंच बघ. तिला मनापासून हिरवे, ते झाडं-पर्यावरणवाले, आवडतात. पण ती मत तुला देणार, कारण हिरव्यांना दिलं तर ते वाया जाईल आणि तो नवा आरडाओरडा करणारा निवडून येईल. तिचा मुलगा राहतो टेकडीपलीकडे, दुसऱ्या मतदारसंघात. त्याला तुम्ही लोकं आवडता, पण तिथे तुमचं काही चालत नाही, म्हणून तो हिरव्यांना देणार. मायलेकांनी मतांची अदलाबदल केली आहे, फोनवर, वाढदिवसाच्या शुभेच्छा देता देता. "तो माझं मत देतो, मी त्याचं देते. नाक दाबून औषध घ्यायचं, दुसरं काय," असं ती मला सांगत होती, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. ज्याला दहापैकी सात जणांनी नको म्हटलं तो आमचा प्रतिनिधी होणार, पाच वर्षं आमच्या नावाने बोलणार, आणि याला तुम्ही लोकशाहीची जननी वगैरे म्हणत छाती पुढे काढणार.

पूर्वी निदान ही नाटकं नव्हती. चाळीस वर्षं ही जागा आपल्या पक्षाच्या खिशात होती. मतं मोजायची कशाला, वजन करा, असं आम्हीच हसत म्हणायचो. लंडनहून एखादा पडेल वकील पाठवला जायचा, आम्ही त्याला निवडून द्यायचो आणि तो पुढच्या निवडणुकीपर्यंत तोंड दाखवायचा नाही. गिरणी बंद झाली तेव्हा आला नाही, बसगाड्या बंद केल्या तेव्हा आला नाही. मी त्या बसचा ड्रायव्हर होतो, म्हणून मला पक्कं आठवतं. तरी मी पक्षासाठी दारोदार कागद टाकत राहिलो, पावसात, बिल्ला लावून. का, ते विचारू नकोस. माझे वडील टाकायचे म्हणून मी टाकायचो, आणि मी टाकायचो म्हणून तू माझ्याबरोबर यायचीस.

तुला आठवतो का आईचा लाकडी चमचा? दाराच्या फटीत हात घातला की आतलं कुत्रं बोटं चावायचं, म्हणून आपण कागद चमच्याच्या टोकाने आत ढकलायचो. तो मान तुझा. चमचा तलवारीसारखा धरून तू पुढे चालायचीस आणि कुठल्या घरातलं कुत्रं कसं आहे ते मला ओरडून सांगायचीस. एकदा तू मला विचारलंस, "बाबा, आपण जिंकणारच असतो, मग इतकं चालायचं कशाला?" मी म्हणालो, "लोकांना वाटायला नको की आपण त्यांना गृहीत धरलंय." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं उत्तर वाटलं होतं.

परवा तुझा निवडणूक एजंट दारात आला, जाइल्स. कोट चांगला आहे त्याचा. म्हणाला, "नमस्कार, आम्ही लॉर्ना थ्वेट यांच्या वतीने आलोय. त्या इथल्याच आहेत, तुम्ही त्यांना ओळखता का?" मी म्हटलं, थोडंफार. "मग यंदा त्यांना मत द्यायचा विचार आहे ना?" मी म्हटलं, बघू. त्याने फोनवर काहीतरी टिचकी मारली. मी विचारलं, काय नोंदवलंत? "काही नाही काका, 'अनिश्चित' म्हणून ठेवतो. पुन्हा एकदा येऊन जाईन." तेव्हा कळवतो की तुमच्या हिशेबी तुझा बाप अनिश्चित आहे. दारावरचं नाव त्याने वाचलं नाही. माणसं जमवायची आणि नावं वाचायची नाहीत, ही तुमच्या धंद्याची रीतच दिसते.

मग तो खड्डा. प्रत्येक उमेदवाराला खड्ड्याकडे बोट दाखवत, मेलेल्या माणसाकडे बघावं तसं तोंड करून फोटो काढायचा असतो, हे मला माहीत आहे. पण लॉर्ना, तो खड्डा आपल्याच गल्लीतला आहे. तुझ्या फोटोत मागे आपल्या घराचा हिरवा दरवाजा दिसतो. हिल्डाने तुला पाहिलं. संध्याकाळी येऊन विचारते, "पोरगी आली होती की खड्डा बघायला. चहाला थांबली नाही?" मी म्हणालो, घाईत होती. मी त्या वेळी आत होतो, स्वयंपाकघरात, वाटाणे सोलत. खड्डा तसाच आहे. तू निवडून आलीस तरी तो तसाच राहील, आणि पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवेल.

एरवी मी हे सारं हसून सोडून दिलं असतं. उन्हाळ्यात तुला पत्र लिहिलं होतं, कारण फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या घरचा लंडनचा पत्ता आता कोणता ते मला माहीत नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं. आईच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. त्यावर नुसतं 'बेरिल' लिहायचं की खाली आणखी एखादी ओळ घालायची, एवढंच तुला विचारलं होतं. उत्तर आलं, तुझ्या ऑफिसचं. 'प्रिय श्री. थ्वेट, दफनभूमीच्या देखभालीचा महत्त्वाचा प्रश्न आपण उपस्थित केलात याबद्दल आभारी आहोत. लॉर्ना स्थानिक प्रश्नांविषयी अत्यंत गंभीर आहेत.' दगडावर नुसतं 'बेरिल' आहे. तुला दुसरं काही सुचत असेल तर खाली जागा ठेवली आहे.

आता मूळ गोष्ट. तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला आईचा फोटो आहे. 'माझ्या आईला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, स्ट्रेचरवर पडून वाट पाहावी लागली. म्हणून मी लढते आहे.' व्हरांडा खरा आहे. स्ट्रेचर खरं आहे. मी तिच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत होतो आणि मी तिच्या पायांवर माझा कोट घातला होता, हेही खरं आहे. पण खाटेची वाट मी बघत होतो, लॉर्ना. ती दरवाजाकडे बघत होती. दरवाजा उघडला की मान उचलायची. तुझं समुद्रकिनारी पक्षाचं अधिवेशन चाललं होतं, आणि निरोप होता की भाषण आहे, संपलं की निघते. नर्स म्हणाली, "आजी, मान खाली ठेवा, दुखेल." तर ती म्हणाली, "माझी मुलगी यायचीय. तिचं भाषण आहे, मोठं काम आहे तिचं." तिला तुझा अभिमान होता. तू यायच्या आधी ती गेली, आणि आज तिची ती वाट तू आमच्याच गल्लीत मतांसाठी वाटतेस. समोरच्या पक्षाच्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो. तू माझी आहेस, म्हणून कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, नाहीतर जाइल्स उघडेल आणि मला पुन्हा आभार मानणारं उत्तर येईल. सट्ट्याच्या दुकानावरच्या ज्या खोलीत तू प्रचारापुरती उतरली आहेस तिथे मी स्वतः येऊन दाराखालून सरकवणार आहे. घंटा वाजवणार नाही. लिहायचं कारण एवढंच की माझं टपाली मत मी काल पोस्टाच्या पेटीत टाकलं, आणि त्यात मी मताची फुली मारलेली नाही. बाकीच्या सगळ्या चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि तुझ्या नावापुढच्या चौकटीत, मावेल इतक्या बारीक अक्षरांत लिहिलं, 'रविवारी जेवायला ये.' खाली माझं नाव घातलेलं नाही. गुरुवारी मोजणीत अधिकारी शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढून तुम्हा उमेदवारांना दाखवतील, तेव्हा ती तुझ्या डोळ्यांसमोर धरली जाईल. हॉलमध्ये ते अक्षर ओळखणारी तू एकटी असशील. जाइल्स उडी मारून म्हणेल, बाकी चौकटी रिकाम्या आहेत, मतदाराचा कल स्पष्ट आहे, हे आपलं मत आहे. समोरचे म्हणतील, बाद करा. यंदा लढत इतकी अटीतटीची आहे की त्या एका कागदासाठी ते भांडतील. मला कोणी विचारणार नाही, म्हणून तुला सांगून ठेवतो. ते मत नाही, लॉर्ना. ते मोजू देऊ नकोस. हरलीस तरी ये, जिंकलीस तरी ये. बीफ सांगून ठेवलं आहे, आणि एक वाजता मी दोघांची पानं मांडीन.

अजूनही तुझाच,
बाबा