गोदी बदलायची आहे

४ जानेवारी
व्यवस्थापकांचं पुन्हा तेच! "यंदा डागडुजी करा, पुढच्या वर्षी बघू." गोदी माझ्याहून वयाने मोठी — तिला मात्र निवृत्ती नाही.

९ जानेवारी
हिशेबखात्याचे नवे साहेब. नव्या गोदीचा माझा प्रस्ताव वाचून पहिला प्रश्न — "तरती गोदी म्हणता, आणि बुडते असंही लिहिता. नक्की काय?" पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून दाखवलं. पोटात पाणी घेतलं की खाली जाते, जहाज आत येतं, पाणी उपसलं की जहाजाला घेऊन वर येते. मग दुरुस्ती.
"आणि वर आलीच नाही तर?"
म्हटलं, "तेच तर सांगतेय!" हसले. सही नाही केली.

१५ जानेवारी
गोदीच्या पोटातल्या पाण्याच्या टाकीत उतरले. हातोडी हळूच मारली, तर पत्र्याचा पापुद्राच निघून आला. नव्या ठिगळाशेजारी नवी ओल. दिवसभर हात धुतेय, गंजाचा वास जात नाही.

१६ जानेवारी
दुरुस्तीला मोठी फेरीबोट यायची आहे. गोदी तिला उचलेल, असं लिहून सही मी करायची. नाही केली.
व्यवस्थापक — "एवढी एक जाऊ द्या हो बाई. मग तुमची नवी गोदी बघू."
एवढी एक!

१८ जानेवारी
बोट दुसरीकडे गेली. रोजंदारीवरचे वेल्डर घरी बसले — त्यात आमचे धाकटे दीर. "वहिनी, तुमचा पगार चालू आहे. आमचं काय?"
"भाऊजी, ती बोट खाली आली असती तर तिच्याखाली तुम्हीच असता."
ताटावरून उठून गेले. ह्यांनी मान वर केली नाही. सासूबाई म्हणतात, घरात ऑफिस आणू नका. कसं नको? अर्धं ऑफिस घरातच जेवतं!

२ फेब्रुवारी
आकडे पुन्हा मांडले. वापरलेली घ्यावी, तर नुसती ओढून आणायचा खर्च ऐकूनच डोळे पांढरे होतात. लिहिते, खोडते. टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल. एका जागी बसवतच नाही. सही करायला हवी होती का?

११ फेब्रुवारी
भाऊजींचा अबोला चालूच. मीठसुद्धा सासूबाईंकरवी मागतात.

२० फेब्रुवारी
संचालकांची बैठक. तो पापुद्रा कागदात गुंडाळून नेला, टेबलावर ठेवला. म्हटलं, "ह्याच्या भरवशावर माणसं जहाजाखाली जातात." अध्यक्षांनी बोटाने दाबून पाहिला — भुगा!   मी तो परत कागदात गोळा केला.

६ मार्च
मंजूर! पूर्ण नवी गोदी! व्यवस्थापकांचा घरी फोन. भाऊजींना आधी खरंच वाटेना. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी फार बोललो, वहिनी."  सासूबाईच म्हणाल्या — "चला, आता आपलं मीठ आपण मागा!" कितीतरी दिवसांनी सगळे हसलो.

७ मार्च
व्यवस्थापकांनी दार लावून सांगितलं. नवी गोदी बांधणार ती कंपनीच्या दुसऱ्या बंदरात. इथलं आवार उन्हाळ्यानंतर बंद. मला तिकडे बढती.
एकटीला.
घरी भाऊजी बाहेरच्या खोलीत शीळ घालताहेत.