आजोबांची रायफल

प्रिय थेन,

फोनवर बंदुकीचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आई गेल्यापासून बाबा एकाच खुर्चीत बसून असतात. मी नेऊन दिलेलं जेवण तसंच फ्रीजमध्ये पडून राहतं. गुरं विकली. कुत्रा शेजारच्या डेल्बर्टला देऊन टाकला. का, विचारलं तर म्हणे, पुढे त्याचं कोण बघणार? कुत्रा तीन वर्षांचा आहे, थेन.

वसंतात ते आपणहून आजोबांची रायफल घेऊन डेल्बर्टकडे गेले. ‘काही दिवस तुझ्याकडे राहू दे,’ एवढंच म्हणाले. डेल्बर्ट समजायचं ते समजला. पण तो पडला नियमाचा माणूस. बंदूक शेजाऱ्याच्या हाती जायची तर कायद्याने तपासणी हवी, म्हणून दोघं गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. डेल्बर्टची पोलिसी नोंद तपासली आणि रायफल त्याच्या कपाटात बंद झाली. कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली.

गेल्या आठवड्यात बाबांनी ती परत मागितली. डेल्बर्टने हरणांच्या शिकारीचा मोसम लांब आहे वगैरे सांगून पाहिलं. ‘माझीच वस्तू मला द्यायला तुला जड का जातंय रे?’ म्हणाले. परत देतानाही तोच कायदा, म्हणून पुन्हा दुकान. या वेळी तपासणी बाबांची. जन्मात कुणावर हात उगारला नाही, कधी डॉक्टरची पायरी चढले नाहीत. लगेच होकार आला. तुमच्यासारखी सरळ माणसं हल्ली मिळत नाहीत हो, असं दुकानदार वर म्हणाला. मन विझलंय हे कुठल्या नोंदीत सापडणार? मी शेरीफच्या पोलीस ठाण्यातही जाऊन आले. तो म्हणाला, दुःख करणं हा काही गुन्हा नाही बाई.

मग मीच मागितली. बाबा हसले. आपल्याकडे ती मुलाकडे जाते, आणि मुलगा मागायला आला तरच. तू एकदा रायफल नको म्हणालास, तिथेच ते अडून बसले आहेत. तूही तसाच, त्यांच्यावरच गेलायस.

म्हणून लिहिते. ये आणि माग. बापलेकांत दुकान नाही, तपासणी नाही. नुसता हात पुढे करायचा. तू मागितलीस तर ते नाही म्हणणार नाहीत. पण खरं सांगू, तू येशील असं मला वाटत नाही. काल बाबांनी विचारलं, थेनचा पत्ता अजून तोच आहे का. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या पत्राआधी माझं पोचू दे.

तुझीच,
लॉर्ना