चार मीटरची वाट

बान नोंगसिम,
१९ ऑगस्ट, बुद्धसंवत २५६७, उपोसथाची पौर्णिमा

प्रिय बुआलोयताई,

वंदन. इकडे सगळे बरे आहेत. भाताची लावणी उरकली. लाल कोंबडी खुडूक बसली आहे, एवढं आईला सांग.

फोनवर तू म्हणालीस, बँकॉकला आल्यापासून आई खिडकीशीच बसून असते, लिफ्टला घाबरते, चिकटभातही चिवडून ठेवते. "वय झालं, चालायचंच," असं मी म्हणून गेलो. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो, आई ऐकत असताना हे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितोय.

ती बांधावर पडली त्यानंतर आपलं ठरलं होतं, की दवाखान्यातलं यंत्र सांगेल तसं करायचं. धड चालली तर गावात राहील, मंद निघाली तर तुझ्याकडे. ते यंत्र मीच चालवतो. चार मीटरवर दोन खांब. पहिल्या खांबाचा न दिसणारा किरण अंगाने अडला की घड्याळ सुरू, दुसऱ्याचा अडला की बंद. चार सेकंदांत पोचलं तर ठीक. आईला सहा लागले. आकडा खरा आहे. मी खोटं लिहिलं नाही.

तरी आज विहारात पंचशील घेताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी माझी जीभ अडली.

त्या दिवशी बुधवार होता, विहारातल्या भंतेंना तपासण्याचा वार. वाटेलगतच्या बाकावर आपले थोरले भंते बसले होते. आई झपझप निघाली. त्यांच्यासमोर येताच कमरेत वाकली आणि पाय न वाजवता हळूहळू सरकत गेली.

नर्स हसली. "आजी, आधी चाला, नमस्कार मागून करा!"

"भंतेंपुढून ताठ मानेनं जाऊ होय गं? तुझं यंत्र शाळेत गेलेलं दिसत नाही!"

नर्सने मला विचारलं, "दादा, परत घेऊ या का?"

मी म्हणालो, "नको. आला तो आला."

ताई, ती पडल्यापासून मी कामावरून दिवसाला दहादा फोन करायचो. ती उचलायची नाही. मी जीव मुठीत धरून सायकल हाणत घरी जायचो, तर ही कोंबड्यांशी बोलत बसलेली. मी दमलो होतो. जे माझ्याने म्हणवत नव्हतं ते यंत्राने म्हटलं, आणि मला बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात मी तो बाक दुसऱ्या खोलीत हलवला. बुधवारी चालून मंद ठरलेल्या अकरा म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावलं. नऊ जण वेळेत पोचले. बारावी तुझ्याकडे आहे.

तिला घेऊन ये. या वेळी आकडा काहीही येवो, कुठे राहायचं ते तिलाच विचारू. आपण दोघांनी ते विचारलंच नव्हतं.

हे पत्र तिला वाचून दाखव. तोंडाने सांगणं मला जमणार नाही. रागावली तर रागावू दे. बसची वेळ कळव, मी स्टँडवर असेन.

तिच्यापुढून वाकून जाणारा,
तुझा धाकटा भाऊ
सोमखित