करपलेली चटणी आणि नाकातला फवारा

प्रिय नजीरा,

तुला सलाम, तुझ्या गुडघ्यांना जरा जास्तच. (कुरकुर कमी झाली का?) आठवतं, कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत तुझा डबा दप्तरातच असायचा आणि मी सांगायचे, "आज खिमा!" आख्खा बाक माझ्या नाकाला मान द्यायचा. तेच नाक यंदा लिंपल्यासारखं बंद झालं. सकाळी शिंका सुरू झाल्या की शेजारच्या अंबूबाई ओरडतात, "झाला व्हय भोंगा?"

तशातच वर्षाची चटणी केली. सासूबाईंची शिकवण अशी, की खोबरं भाजलं का ते नाकानं ओळखायचं. मी ओळखलं (असं मला वाटलं) आणि बरण्या घरोघर धाडल्या. त्यातल्या दोन तुझ्याकडे, एक तुला, एक तुझ्या लेकीच्या, शिफाच्या नव्या सासरी पोचवायला.

मग डॉक्टर संयोगितानं नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. मी तो शिंका आल्या तरच मारायचे, मान मागे टाकून, जोरात ओढून. सगळा घशात! "काकू, तपकीर हाय व्हय ती?" म्हणाली. मग शिकवलं: मान किंचित खाली, नळी मधल्या पडद्यापासून बाहेरच्या अंगाला, श्वास हलका, आणि शिंक असो नसो, रोज.

का, ते विचारल्याशिवाय मला राहवतंय होय? नाकातले पहारेकरी म्हणे धुळीलाच शत्रू समजतात, कुमक मागवत राहतात, म्हणून आतलं अस्तर सुजतं. ॲलर्जीची गोळी म्हणजे वरातीच्या बँडपुढं कानात बोळे. स्प्रेतलं औषध मात्र पेशीच्या गाभ्यापर्यंत जातं आणि सूज वाढवणाऱ्या रसायनांचे हुकूमच कमी करतं. म्हणजे बँडवाल्याची सुपारीच रद्द. पण रस्त्यावर आलेली वरात पांगायला वेळ लागतो, म्हणून आठवडा-दोन आठवडे धीर धरायचा. (एवढा कारभार नाकात चालतो, आणि आपण जन्मभर नुसतं शिंकरत आलो!)

काल नाक उघडलं. हौसेनं चटणीची बरणी काढली, तर खोबरं ठार करपलेलं! आणि आमचे हे महिनाभर दोन्ही वेळा बोटं चाटत होते. विचारलं, तर म्हणाले, "तुला वास येत नव्हता, त्याचंच दुःख होतं. त्यात आणि चटणीचं कशाला सांगू?" मी ओट्याकडे वळून उगाचच नाक शिंकरलं.

तुझी,
पूर्णिमा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की शिफाच्या सासूबाईंना ती बरणी अजून दिली नसशील, तर देऊ नकोस. नव्यानं भाजून परवा एसटीनं पाठवतेय. लाल झाकणाची त्यांना, हिरव्या झाकणाची तुला.

आणखी ता. क. "पूर्णे, यंदा चटणी फर्मास," असं तू कळवलं होतंस. ते प्रेमापोटी, की तुझंही नाक बंद आहे? बंद असेल तर डॉक्टरांना दाखव, माझा स्प्रे मिळायचा नाही. करपलेली बरणी मात्र फेकू नकोस, इकडे परत धाड. ती यांची. म्हणतात, आता सवय झाली.