ओटी दोन्ही वाड्यांची

मी, श्रीमती चिमा महिपत डोर्लेकर, वय वर्षे ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे कातळबंदर, तालुका व जिल्हा रत्नागिरी, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझे मन स्थिर असल्याचे म्हटले आहे. स्थिर म्हणजे शांत, असा अर्थ कोणी काढू नये. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाच्या नावे होते, मी रद्द करते.

१. माझे पती महिपत हयात नाहीत. मुलगा गुरुप्रसाद, सून नम्रता आणि नात तेजस्वी एवढेच माझे कुटुंब. गुरुप्रसादची पर्ससीन जाळ्याची मोठी बोट त्याची स्वतःची आहे, तिच्याशी माझा संबंध नाही. वडिलार्जित जमिनीत त्याचा हक्क आहे, तो त्याला मिळेल. मी ज्याबद्दल लिहीत आहे ते माझ्या पगारातून बांधलेले, माझ्या एकटीच्या नावावरचे घर आहे.

२. तो पगार मला कसा मिळाला हे लिहिणे भाग आहे. चौथीनंतर वडिलांनी मला शाळेतून काढून मासळीच्या पाटीला लावले. आठवड्याने गावातल्या मिशन शाळेच्या सिस्टर सेराफिना मासळीचा लिलाव चालू असताना बंदरावर आल्या, चिखलात उभ्या राहिल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “मुलगी उद्या वर्गात हवी.” वडील म्हणाले, “आनि पाटी कोन घेनार?” त्या म्हणाल्या, “सकाळी शाळा, मग पाटी. मी सोडते तिला वेळेवर.” त्यांनी शब्द पाळला. पुढे त्याच शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. एवढ्या काळात मला कोणी बाटवले नाही. माझ्या घरी गणपती येतो, शिमग्याला पालखी अंगणात नाचते. हे सांगावे लागते आहे याची मला चीड येते.

३. पर्ससीनची मोठी जाळी सगळी मासळी ओढून नेतात, लहान होड्यांना काही उरत नाही, यावरून तीन वर्षांपूर्वी वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात मारामाऱ्या झाल्या. आम्ही वरच्या, मोठ्या बोटींच्या वाडीचे. खालच्या वाडीतील खंडूची होडी कोणीतरी जाळली. कोणी, ते सिद्ध झाले नाही. माझ्या मुलाने नाही, असे मी गावात सांगत होते. आता सांगत नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिका तेव्हा सिस्टर ब्रिजिदा होत्या. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या मुलांना विचारायच्या, “आज कोणाच्या घरी चूल पेटली नाही?” कोणी हात वर केला की शेजारच्याने डबा अर्धा करायचा. होडी जळाल्यानंतर खंडूची नात ऋतिका हिने हात वर केला. शेजारी माझी तेजस्वी होती. तिने डबा अर्धा केला, आणि घरी येऊन तसे सांगितले.

गुरुप्रसाद ताटावरून उठला. “माज्या घरची भाकरी खंडूच्या पोरीला? ती सिस्टर पोरांना काय शिकवते ता आता मी बघतो.”

४. त्याने जे केले ते असे. शाळेत धर्मांतर चालते, असा अर्ज केला. चुलीच्या प्रश्नाला त्यात ‘आक्षेपार्ह धार्मिक प्रश्न’ म्हटले. सत्तावीस सह्या गोळा केल्या आणि जमाव नेऊन शाळेच्या गेटला कुलूप ठोकले.

मी जे केले तेही लिहिते. सिस्टरांचा फोन आला. “बाई, मुलं रस्त्यावर उभी आहेत. तुम्ही येता?” मी म्हणाले, “गुडघा धरलाय.” गुडघा धरला नव्हता. तीन दिवस मी ओटीवर बसून रस्त्याकडे पाहिले. चौथ्या दिवशी तेजस्वी म्हणाली, “आजी, सह्यांत तुझं पण नाव हाय. बाबांनी घातलंन.”

चौकशीचे साहेब आले तेव्हा मी गेले. सही माझी नाही आणि मजकूर खोटा आहे, असे सांगितले. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही मुलाच्या विरोधात जबाब देताय, कळतंय ना?” मी म्हणाले, “कळतंय. लिहून घ्या.”

एकोणीस दिवसांनी कुलूप निघाले. आरोप टिकला नाही. पण सिस्टर ब्रिजिदांची बदली झाली. त्यांना निरोप द्यायला गावातून सात माणसे आली. ज्यांची तीन-तीन पोरे त्यांनी शिकवली ते लिलावाला जायचे म्हणून आले नाहीत. बसमध्ये चढताना त्या म्हणाल्या, “बाई, रागावून वर्ग घेता येत नाही हो.” मी म्हणाले, “घेऊन दाखवते.”

५. त्या गोष्टीनंतर खालच्या वाडीची अकरा मुले शाळेत परतली नव्हती. भीतीने. मी माझ्या ओटीवर वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी खंडू स्वतः ऋतिकाला घेऊन आला. “बाये, होडी गेली ती गेली. पोरगी फुकट जाता नये.” जूनमध्ये अकराही जणांना मी पुन्हा सिस्टरांच्या शाळेत नेऊन बसवले. संध्याकाळचा वर्ग मात्र चालू राहिला. आता वरच्या वाडीचीही येतात. भांडतात, आणि मी त्यांना ओरडते.

६. सबब, घर मी नात तेजस्वी हिला देते. अट एकच: ओटी आणि लगतची खोली दोन्ही वाड्यांच्या मुलांच्या अभ्यासासाठी कायम उघडी राहील. बँकेतील ठेवीचे व्याज याच मुलांच्या वह्यापुस्तकांना जाईल. तेजस्वी सज्ञान होईपर्यंत माझे जुने विद्यार्थी ॲड. विनीत भाटकर व्यवस्था पाहतील. विनीत, तू आळशी आहेस. हे काम टाळू नकोस.

७. पतींचे होकायंत्र खंडूला द्यावे. वीस वर्षे दोघे एका होडीवर होते, तेव्हा वाड्या दोन नव्हत्या. पाग आणि बाकीची जाळी गुरुप्रसादला. सोन्याच्या पाटल्या नम्रताला. त्या अर्जावर तिने सही केली नाही. नवऱ्याच्या घरात राहून केली नाही, हे मी पाहिले आहे.

८. गुरुप्रसाद, तुला मी माफ केलेले नाही. सिस्टरांनी केले, तसे पत्र त्यांनी मला पाठवले आहे. ते पत्र विनीतकडून घे आणि वाच. माझ्याकडून ते होत नाही.

९. माझी तिरडी पुढच्या बाजूने गुरुप्रसाद आणि खंडू या दोघांनी उचलावी. दोघांपैकी एक जरी आला नाही, तरी मला अंगणातून हलवू नये. येईपर्यंत सर्वांनी थांबावे. वाटेत दोघांनी पावले जुळवून चालावे, मला धक्के नकोत.

हे सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि एक शब्दही सौम्य केला नाही.

चिमा महिपत डोर्लेकर
(स्वाक्षरी)

बाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष केली:
१. सुजय धाकू पावसकर, वरची वाडी (स्वाक्षरी)
२. आवडाबाई रामा जुवळे, खालची वाडी (स्वाक्षरी)

स्थळ: कातळबंदर, जि. रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५