एकदाच उतरवलेला गिअरबॉक्स

प्रिय धाकट्या,

जो देतो तेव्हा शब्द मिळतो आणि आवरून घेतो तेव्हा मौन मिळते, त्या दयाघनाचे स्मरण करून हे पत्र लिहायला बसलो आहे. माझे शब्द कठोर होऊ नयेत आणि खोटेही होऊ नयेत, एवढेच त्याच्याकडे मागितले. दोन्ही एकदम मिळेल की नाही, हे शेवटच्या ओळीपर्यंत मलाही कळणार नाही.

तुझा निरोप पोहोचला. नव्या कार्यशाळेचे काम संपत आले, गाड्या उचलणारे लिफ्ट बसले, काउंटरला काच लागली, हे ऐकून एरवी मी काठी घेऊन कधीच तिकडे निघालो असतो. उद्घाटनाची पहिली प्रार्थना मी म्हणावी आणि पुढे काही दिवस तुझ्या लेकीशेजारी काउंटरवर बसून तिला गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवावे, अशी तुझी इच्छा आहे. त्यानंतर तू फोन करतो आहेस आणि मी तो उचलत नाही. तुझी वहिनी प्रत्येक वेळी "झोपलेत" म्हणून सांगते. या वयात तिला माझ्यापायी खोटे बोलावे लागते आहे, तेव्हा निदान एवढ्यासाठी तरी उत्तर धाडणे भाग आहे. येईन की नाही, याचेच हे उत्तर आहे.

आमचे बरे चालले आहे. गुडघे कुरकुरतात, हाताचा कंप तसाच आहे. चहाची कपबशी मी दोन्ही हातांनी धरतो आणि तरीही बशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. सकाळचे वाचन मात्र थांबले आहे. ग्रंथ उघडतो, ओळ दिसते, पण मोठ्याने म्हणवत नाही. परवा तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरातून विचारले, "घसा बसलाय का?" मी हो म्हणालो. घसा ठणठणीत आहे, धाकट्या. बसले आहे ते दुसरेच काही.

तुला तो आपला पत्र्याचा आडोसा आठवतो का, जमिनीत खड्डा खणून त्यावर गाडी उभी करायचो तो? तिथे आपण उतरवलेला पहिला गिअरबॉक्स मला रोज आठवतो आहे. जॅक सरकला आणि तो सगळा लोखंडी भार माझ्या छातीवर आला. तू खड्ड्यात उडी टाकलीस, खांदा खाली घातलास आणि ओरडलास, "दादा, श्वास घे, बाकी मी बघतो!" त्या गाडीची क्लच प्लेटही गेली होती आणि मागचे ऑइल सीलही गळत होते. संध्याकाळी बॉनेटवर कागद ठेवून मी दोन्ही कामांच्या मजुरीचे ठरीव तास एकाखाली एक मांडले. तेव्हा तू माझा हात धरलास. तुझ्या नाकावर ग्रीस होते, मिशी नुकती फुटत होती. तू म्हणालास, "दादा, छातीवर एकदाच घेतलास ना तो? मग मजुरी दोनदा कशी घ्यायची?" मी तोवर वाणीवर आणि सत्यावर पुष्कळ वाचले होते, पण व्यवहारातला धर्म इतक्या थोड्या शब्दांत कोणी मला सांगितला नव्हता. त्या दिवसापासून तो आपल्या दोघांचा नियम झाला. नियम तुझा होता. मी तो केवळ सांभाळला.

पुढे माझे हात थरथरू लागले. पाना नटावर बसेना. तू मला काउंटरवर आणून बसवलेस आणि म्हणालास, "हात माझे, शब्द तुझे." मला ते किती गोड वाटले होते! कारण शब्दांची गरज खरोखरच होती. आपल्या धंद्यातला मजुरीचा हिशेब लोकांना पहिल्यांदा ऐकताना लबाडीसारखाच वाटतो. प्रत्येक कामाला गाडी बनवणाऱ्यांनी तास ठरवून दिलेले असतात. त्या तासांना आपला तासाचा दर लावायचा, की झाली मजुरी. कारागिराला प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे त्यात येत नाही. लोक चिडून विचारत, "काम तर जेवणाच्या सुट्टीआधीच झालं, मग दिवसभराचं लेबर कसलं?" मी त्यांना शांतपणे समजावत असे, की या कारागिराचा वेग त्याने आयुष्य घालून मिळवला आहे, तो त्याचा आहे; आणि उद्या एखाद्या नवशिक्याने दुप्पट वेळ घेतला, तर त्याच्या अडाणीपणाचा भुर्दंड तुमच्यावर पडणार नाही. हे मी मनापासून सांगत असे, कारण ते खरे आहे. आजही मी ते तसेच सांगेन.

पण या पद्धतीला एक भोक आहे, आणि ते आपल्याला त्या पहिल्या गिअरबॉक्सपासून ठाऊक आहे. क्लच प्लेटच्या ठरीव तासांत गिअरबॉक्स उतरवणे आणि परत चढवणे धरलेले असते. मागच्या सीलच्या तासांतही ते धरलेले असते. दोन्ही कामे एकदम केली, तर गिअरबॉक्स एकदाच उतरतो. दुसऱ्यांदा उतरवण्याचे तास वजा करायचे असतात. ते केले नाहीत, तर जे काम कोणीच केले नाही त्याची मजुरी गिऱ्हाईक देते, आणि कागदावर सारे नियमाप्रमाणे दिसते.

संगणक आला त्या दिवशी मी तुला नेमके हेच विचारले होते. तू पडद्याकडे पाहत होतास. मान न वळवता म्हणालास, "सामायिक काम ना? ते मशीन आपोआप वजा करतं, दादा. तू निर्धास्त राहा." पडद्यापुढे तूच बसायचास, माझ्या हाती छापील कागद यायचा; मी निर्धास्त राहिलो. एवढेच नव्हे, मी ते जगाला सांगत सुटलो. ती नर्सबाई तुला आठवत असेल, रुग्णांच्या घरोघरी गाडी चालवत जाते ती. एस्टिमेट हातात घेऊन ती उभी राहिली होती, पाय बदलत, दिवसभराच्या कामाने दमलेली. म्हणाली, "दादा, मला यातलं काही कळत नाही. हे बरोबर आहे ना, एवढंच सांगा." मी म्हणालो, "बाई, जे काम दोन्हींत सामायिक आहे, ते यातून वजा झालेलं आहे." ती हसली, म्हणाली, "मग झालं," आणि सही करून गेली. आपली कारागीर मंडळी मला 'शिक्का' म्हणत. "शिक्का बसला का? घ्या गाडी आत!" असे आतून ओरडत. मला वाटे, प्रेमाने म्हणतात. प्रेमाने म्हणतही असतील. पण शिक्का हातात कोणाच्या होता, हे मी कधी विचारले नाही.

आता तुला न सांगितलेली बातमी सांगतो. माझी जुनी गाडी चढावर ओढेनाशी झाली. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. खाली तेलाचाही डाग पडू लागला. म्हणजे तेच दुखणे, क्लच आणि सील. तू नव्या जागेवर होतास, म्हणून मी जुन्या काउंटरवर तुझ्या लेकीकडे गेलो आणि म्हणालो, "इतर गिऱ्हाइकांसारखंच मलाही एस्टिमेट दे." तिने झरझर बोटे चालवली. पडद्यावर मध्येच एक चौकट उभी राहिली. सामायिक काम आहे, वजा करायचे का, असे ती विचारत होती. पोरीने 'होय' दाबले आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "घरच्यांना वजा करायचं असतं ना, काका! तुम्हाला कशी डबल लावीन?"

मशीन आपोआप काहीच करत नव्हते, धाकट्या. मशीन विचारत होते. प्रत्येक गाडीला, प्रत्येक वेळी, ते विचारत होते. आपण दोघांनी केलेल्या नियमाची आठवण त्या पडद्याला होती, आणि तू त्याला 'नाही' म्हणत होतास.

मी तिला विचारले, "आणि बाहेरच्यांना?" ती खळखळून हसली. "माझी परीक्षा घेताय का? बाहेरच्यांना 'नाही'. जो स्वतः जाणकार आहे आणि विचारतो, त्याला 'होय'." मग ती पुढे झुकली आणि माझ्या थरथरत्या हातावर हात ठेवून अगदी कौतुकाने जे बोलली, ते मी तसेच्या तसे लिहितो, कारण ते मी एकट्याने वाहू शकत नाही. "पण काका, तुम्ही ते किती सफाईनं सांगता! मला अजून जमत नाही, माझा आवाज अडखळतो. बाबा म्हणतात, काकांकडून शीक, त्यांची पापणीसुद्धा हलत नाही."

"गाडी राहू दे, पुन्हा येतो," एवढे बोलून मी बाहेर पडलो आणि ती न ओढणारी गाडी तिथेच ठेवून चालत घरी आलो. तिला वाटले, मी तिच्या हिशेबावर खूश होऊन गेलो.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणशील, सगळीकडे असेच चालते. तास छापील आहेत, दर भिंतीवर लावलेला आहे, गिऱ्हाईक सही करते, कोणाच्या खिशात हात घातलेला नाही. म्हणशील, पोरीसाठी नवी जागा उभी करायची होती, कारागिरांची घरे चालवायची होती. हे सारे मी तुझ्या वतीने स्वतःशीच बोलून पाहिले. वकिली मला बरी जमते, तूच ती करायला बसवले होतेस. दर वाढवला असतास, तर मी तोही लोकांना पटवून दिला असता. तू मला उघड सांगितले असतेस, तर मी भांडलो असतो, काउंटरवरून उठलो असतो, आणि तरीही संध्याकाळी तुझ्याकडेच चहाला आलो असतो. तू भांडणाची संधीही ठेवली नाहीस. तुला माझे खोटे नको होते. खोटे अडखळते, हे तुला पोरीवरून कळतेच आहे. तुला माझा विश्वास हवा होता, आणि तो तू दर गाडीमागे थोडा थोडा विकलास. मी ज्या तोंडाने सकाळी ईश्वराचे नाव घेत होतो, त्याच तोंडाने दुपारी तुझे काम होत होते. वाचन का थांबले, हे तुला आता कळले असेल.

नर्सबाईकडे मी उद्या जाणार आहे. तिला सांगेन, की मी दिलेला शब्द खरा नव्हता आणि मला ते माहीत नव्हते. ती मानेल किंवा मानणार नाही. तो तिचा अधिकार आहे. तिचे आणि तिच्यासारख्या इतरांचे जास्तीचे घेतलेले परत करायचे की नाही, हे मी तुला शिकवणार नाही. ज्याने नाकावर ग्रीस असताना मला शिकवले, त्याला मी काय शिकवू?

पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेले नाही. तू मला फसवलेस, हे दुःख मोठे आहे, तरी ते माझे आहे. मी ते घेऊन देवापुढे बसेन आणि कधीतरी हलके होईल. मला जाळते आहे ते पोरीचे ते कौतुक. तिच्या लेखी तिचा काका इतकी वर्षे जाणूनबुजून, पापणी न हलवता खोटे बोलत आला आणि रोज सकाळी देवाचे नाव घेत आला. आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही, उलट तसे व्हावेसे वाटते. तिचा आवाज अडखळतो, धाकट्या. तिच्यात अजून एक चौकट उभी राहून प्रश्न विचारते आहे, आणि ती बंद करायला तू मला तिच्याशेजारी बसवू पाहतोस. मी तिला सांगितले, तर तो म्हाताऱ्याचा बचाव ठरेल. म्हणून तू सांग. उद्घाटनाआधी, तिच्यासमोर बसून, एवढेच सांग, की दादाला ठाऊक नव्हते, आणि वजा करण्याचा नियम मुळात माझा होता. तू सांगितलेस, तर मी येईन, पहिली प्रार्थना म्हणेन आणि तिच्याशेजारी बसेन, जोवर ते 'होय' सगळ्यांसाठी दाबले जाईल तोवर. नाही सांगितलेस, तर काचेमागची माझी खुर्ची रिकामी राहू दे. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवू नकोस. मी विचारण्याआधीच, खड्ड्यातून ओरडला होतास तसे, पैसे पुरत नाहीत, असे एकदा ओरडून सांगितले असतेस, तर हा भारही आपण दोघांनी खांद्यावर घेतला असता.

हे पत्र तू एकट्याने वाच, किंवा तिला जवळ बसवून तिच्याकडून वाचून घे. ज्याच्या नजरेखाली या ओळी जातील, त्याचा शब्द त्याच्या स्वतःच्याच हाती राहो, त्याच्या श्रमाचे मोल त्याला एकवार आणि पुरते मिळो, आणि त्याच्या छातीवर भार येईल तेव्हा खांदा देणारे कोणीतरी जवळ असो.

तुझाच,
दादा