आपल्या घरातलं पित्त

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी कधी तुमच्यावर चिडले नव्हते. आता चिडले आहे. तुमची नात बारावी झाली, येत्या सोमवारी कॉलेजच्या हॉस्टेलवर जाते आहे. गेलं वर्षभर तिचं मन मधूनच असं खचतं की आठ-आठ दिवस ती आंघोळ करत नाही, पुस्तक उघडत नाही, आणि मग एखाद्या दिवशी जेवता जेवता ताट भिरकावते. जे. पी. नगरच्या डॉक्टरीणबाई गोळ्या देतात, त्यांनी थोडा उतार आहे. हॉस्टेलवर जायच्या आधी त्यांनी तिची फाइल नीट लिहायला घेतली आणि मला विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का? लेक शेजारीच बसली होती. मी म्हटलं, नाही. परत येताना ऑटोत ती बाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी एकटीच अशी निघाले ना, आई?" मी ऑटोवाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

मल्लेश्वरमच्या घरातली मागची खोली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला आहात, दाढी वाढलेली, आणि बाहेर आई तुमच्या साहेबांना फोनवर सांगते आहे, "ह्यांचं पित्त खवळलंय हो, चार दिवस येणार नाहीत." शेजारच्या अक्कांनाही तेच. वर्षातून दोन-तीनदा तुमचं पित्त खवळायचं. आई वाटीत मोरावळा घेऊन आत जायची, वाटी तशीच परत यायची. मग मी सतरा वर्षांची झाले आणि मलाही अंथरुणातून उठवेनासं झालं. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "सरी, पुरे झाली नाटकं. तोंड धू आणि अभ्यासाला बस. आपल्या घरात असलं कुणाला होत नाही." परकं कुणी बोललं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तसं पडून राहणं काय असतं, हे घरात एका तुम्हालाच ठाऊक होतं. एकदा नुसते येऊन शेजारी बसला असतात, तर ती दोन वर्षं मी स्वतःला वेडी समजून काढली नसती. मी तोंड धुतलं, परीक्षा दिली, पास झाले. तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. त्या पेढ्यांचा मला आता राग येतो.

हे पत्र तुमच्या नावाने लिहिलं खरं, पण द्यायला हवं तिला. आजोबा असे होते, आई अशी होती, आणि तरी दोघांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी आता मीच उरले आहे. काल घडी घालून तिच्या बॅगेत स्वेटरखाली ठेवलं, आणि पुन्हा काढून घेतलं. आज सकाळी नणंदेचा फोन आला. भाची निघायच्या आधी तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते त्यांना. लेक आतल्या खोलीत पडून होती, दार उघडंच होतं. मी म्हटलं, "आत्ता नको हो ताई, पित्त झालंय तिला."